कूनोच्या बदल्यात

(लान नदीकाठचा साध्वींचा मठ. भेटीच्या खोलीत मधोमध लोखंडी जाळी. अलीकडे म्हातारा काउंट गेबहार्ट; पलीकडे त्याची मुलगी इर्मगार्ड, वय वीस.)

गेबहार्ट : ...तर आपला धाकटा कूनो गेला. सहा आठवडे झाले पुरून. जाळीजवळ ये ना, तोंड दिसत नाही तुझं.

इर्मगार्ड : तीन हात लांबच उभं राहायचं असतं. कसा गेला?

गेबहार्ट : नदी ओलांडताना हारबाखवाल्यांनी गाठलं. पाच जण होते. छातीभर पाणी, अंगात चिलखत. बुडाला की भोसकला, कोण सांगणार!

इर्मगार्ड : प्रार्थना करीन मी त्याच्यासाठी.

गेबहार्ट : प्रार्थना पुरे झाल्या. तुला न्यायला आलोय.

इर्मगार्ड : बाबा, शपथा घेतल्यात मी.

गेबहार्ट : बिशपनं सोडवल्यात. हा बघ शिक्का. थोरला बोहेमियाच्या लढाईत पडला, मधल्याला प्लेगनं नेलं, आता हा. मी डोळे मिटले की गढी परक्याच्या घशात. तुला मुलगा झाला, तरच नाव राहील.

इर्मगार्ड : आणि नवरा?

गेबहार्ट : ठरलाय. हारबाखचा धाकटा. लोटार.

इर्मगार्ड : त्या पाच जणांत होता?

गेबहार्ट : विचारलं नाही मी.

इर्मगार्ड : विचारलं नाहीत!

गेबहार्ट : अगं, बारा वर्षं वैर चाललंय. गावंच्या गावं जळाली, पेरायला माणूस उरला नाही. कुणीतरी मिटवायला नको?

इर्मगार्ड : ते कुणीतरी दर वेळी मीच का? सहा वर्षांची होते. कूनो पाळण्यात तापानं फणफणला होता. हा जगला तर पोरगी तुला वाहीन, असं देवाला बोललात तुम्ही.

गेबहार्ट : जगला ना मग!

इर्मगार्ड : चौदा वर्षं. त्यात कितीदा आलात इथं?

गेबहार्ट : तुझी आई म्हणायची, भेटून या. मला धीर झाला नाही.

इर्मगार्ड : कशी आहे आई?

गेबहार्ट : तुला... मठात कुणी सांगितलं नाही?

इर्मगार्ड : काय?

गेबहार्ट : प्लेगातच गं. मधल्याच्या उशाशी बसली ती हललीच नाही. दोन वर्षं झाली, पोरी.

इर्मगार्ड : आज सकाळीच मी देवाकडे तिच्यासाठी आयुष्य मागितलं.

गेबहार्ट : घरी चल.

इर्मगार्ड : नाही म्हटलं तर?

गेबहार्ट : मठमातेला नदीपलीकडचं जंगल दिलंय. आता तुला ठेवून घेणार नाहीत.

इर्मगार्ड : म्हणजे विचारायला नाही, सांगायला आलात.

गेबहार्ट : हो.

इर्मगार्ड : मग एक करा. लग्नाआधी लोटारला माझ्यापुढे उभा करा. तुम्ही नाही विचारलंत, मी विचारीन.

गेबहार्ट : आणि होतो म्हणाला तर?

इर्मगार्ड : तर निदान ठाऊक असेल, कुणाशेजारी निजायचंय ते.

गेबहार्ट : ...बरं. करतो उभा. चल, दाराशी घोडा आणलाय तुझ्यासाठी.

इर्मगार्ड : मला घोड्यावर बसता येत नाही, बाबा.

गेबहार्ट : असं होय... मी लगाम धरून चालतो. हळूहळू जाऊ.