थिनर आन च्याचा कप

च्या मला काचंच्या ग्लासातच दे बाबा. प्लास्टिकच्या कपाचं काम येगळं हाय, ते सांगतो.

जन्मभर अक्कलकोटची एसटी चालीवली, म्हणून तसलीच वीतभर प्लास्टिकची एसटी घरी बनीवली. इनॅमलची लाल डबी आणली, पण रंग लई घट्ट. त्या रंगाचं खास थिनर म्हणजे बोटाएवढी बाटली आन किंमत दारूवानी. म्हणून शुक्रवार पेठेत मल्लूच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. त्यानं स्वस्तातलं सुट्टं थिनर दिलं. पयला ब्रश मारला आन एसटीचं नाकच वितळलं!

घासून घासून नवं नाक बशीवलं. आता बिघडलं तर तिसरं करायला प्लास्टिक न्हवतं. तडक दुकान गाठलं. "मल्लू, तुझं थिनर प्लास्टिक खातंय."

"छे काका! तुमचाच हात जड. मोठ्या गाड्यांना चालतंय, खेळण्याला न चालायला काय झालं? च्या घ्या, शांत व्हा."

च्या घेतला. मग रिकाम्या प्लास्टिकच्या कपात त्याचंच थिनर वतलं आन कप त्याच्याफुडं काउंटरवर ठिवला. दोघं बघत बसलो. बूड मऊ झालं, कप खाली बसला आन थिनर सगळ्या काउंटरवर पसरलं.

"अय्यो!" मल्लू फडकं घिऊन धावला. "काका, तुमी साधं टर्पेंटाइन न्या. ते बी स्वस्तच हाय. प्लास्टिकला काय करत न्हाय."

"नक्की?"

"आईशप्पथ!"

"शप्पथ ऱ्हाऊ दे. अजून एक च्या सांग. कप लागंल."