दाजींचा स्टुडिओ आन अण्णांचा चहा

कॅमेरा घेतला म्हणून कुणी फोटोग्राफर होत नाय, पण हे आमच्या दाजींना सांगणार कोण? त्यांनी औरंगपुऱ्यातल्या घरी बैठकीत काळी चादर टांगली आन म्हणाले, "हा आपला स्टुडिओ!" पहिलं गिऱ्हाईक आमचे वडील. अण्णांची पंच्याहत्तरी आली होती आन घरात त्यांचा धड एक फोटो नव्हता.

"अण्णा, गरम चहा हातात धरा. वाफेत चेहरा लई भारी येतो. फक्त प्यायचा नाय."

अण्णांनी कप धरला. दाजी दिवे सरकवत बसले, तोवर वाफ गेली. ताईनं दुसरा चहा आणला, तोही निवला. तिसरा आल्यावर दाजींनी सासऱ्याची हनुवटी धरून मान वळवली. "हसा जरा!"

अण्णांनी चहा बशीत ओतला आन डोळे मिटून भुरका मारला.

"अहो, थांबा! फोटो राहिला!"

"जावईबापू, तुमचं चालू द्या. मी काय निवलेला चहा प्यायला आलो नाय."

अण्णांच्या तोंडावरचं ते सुख ताईनं दारातूनच मोबाईलमध्ये टिपलं. आज तोच फोटो भिंतीवर आहे.

येईल त्या पाहुण्याला दाजी सांगतात, "लाइटिंग माझं होतं."