जुन्या धक्क्यापाशी

इनारीच्या तळ्याकाठच्या दुकानात माझ्यापुढं रांगेत दोन म्हातारे उभे होते, ओइवा आणि वेइक्को.

"ओइवा, तुझ्या इल्मानं म्हणे हाताएवढा ट्राउट धरला?"

"हाताएवढा? पायाएवढा म्हण!"

"कुठं लागला गळाला?"

"मी विचारलं ना. म्हणाली, बाबा, जुन्या धक्क्यापाशी."

"मग उद्या जाऊ की तिथं."

"कशाला? तिथं शेवाळाशिवाय काही लागत नाही."

"म्हणजे सख्ख्या बापाला थाप मारली?"

"मारली! डोळ्याला डोळा भिडवून मारली. छाती फुगून आली बघ माझी."

"थांब, थांब. गेल्या उन्हाळ्यात तू मला त्याच धक्क्यापाशी पाठवलं होतंस. दिवसभर गळ टाकून बसलो होतो मी!"

"मग? लेक कुणाची आहे?"