मोड आलेला गहू

— न्हाय न्हाय पावणं, चोर न्हाय ओ त्यो. बसा की, सरकताय कशाला? भाऊ हाय माझा, पाठचा, शिवाप्पा. मघाशी पोलिसांनी कोर्टात नेला न्हाय का — त्योच. सरकारचा गहू उन्हात वाळत घातला म्हणून धरलाय. हसू नका, खरंच सांगत्येय. मी अक्काताई, हितं मंगळवार पेठंत दिलेली, पर माहेर चंदगडकडं. आमी भाताची माणसं. शिवाप्पाचं भात म्हंजे खळ्यावर रास पडली की शेजारची बयाबाई नुसती वास घ्यायला यायची. एका साली सरकारनं हमीभाव जाहीर केला — भाव चांगला हुता, खोटं कशाला बोलू — तर ह्यानं सगळं भात खरेदी केंद्रावर नेलं. तितं म्हणाले, भरायला पोती संपल्यात, उद्या या. मग परवा या. भात आपलं उघड्यावर, त्यात अवकाळी कोसळला. मोड फुटलं ओ दाण्याला. तितंच सोडून आला त्यो. मला म्हणाला, "अक्का, सरकारलाच भात नको, तर मी पिकवू कुणासाठी?" आन् चांगल्या खाचरात काजू लावला. काजू धरूस्तोवर खायाचं काय? म्हणून माझ्याकडं आला, सरकारी गोदामावर राखणीला लागला.

पयल्यांदा खूश हुता की. गोदाम गव्हानं गच्च भरलेलं, बाहेर ताडपत्रीखाली आणखी थप्प्याच थप्प्या. जेवताना सांगायचा, आता दुष्काळ पडू दे, देश उपाशी मरत न्हाय. मग पाऊस लागला, वाऱ्यानं ताडपत्री फाटली. ह्यानं सायबाला सांगितलं. सायब म्हणाला, वरनं हुकूम आल्याबिगर पोत्याला हात लावायचा न्हाय. लई येळा सांगितलं ओ — हुकूम काय आला न्हाय. एक दिवस घरी आला, ताटावर बसला आन् तसाच उठला. म्हणाला, पोत्याच्या विणीतनं हिरवं कोंब बाहेर आल्यात. त्या रात्री निजला न्हाय. मीबी न्हाय.

चार दिसांनी उघडीप पडली. ह्यानं भिजलेली पोती ओढून काढली, गोदामाच्या अंगणभर गहू पसरला. कडंच्या झोपडपट्टीतल्या बाया आल्या, कोण पायानं चाळतंय, कोण मोड आलेलं बाजूला काढतंय. सांजच्याला धोंडुबाई म्हणून एक म्हातारी हाय, तिनं विचारलं, मूठभर नेऊ का? ह्यो म्हणाला, "ने. हितं कुजण्यापरीस पोटात जाऊ दे." मग काय, सगळ्यांनीच वटीत घेतला. तेवढ्यात सायबाची जीप आली. आता गहू कुजला त्येचा गुन्हा कुणावर न्हाय, वाळवला त्येचा हाय.

काय म्हणलासा? पोती आधीच फुटली हुती का? फुटत्यात कुठली, पोती नवीकोरी — ह्यानंच विळ्यानं शिवण कापली. विळाबी माझ्या घरचा, पाटंला मीच धार लावून दिल्ती, म्हणलं एकटा किती वडाताण करशील, थोडं —

न्हाय. फुटलीच हुती. भिजून उसवली हुती आपोआप. वकील तसंच सांगा म्हणलाय — म्हंजे, तसंच झालंय. मी काय तितं न्हवते.

तुमी कुणासाठी आलाय म्हणलासा, पावणं?

गोदामाकडनं... साक्षीला व्हय.

जावा तुमी. तिकडं उभं ऱ्हावा जावा.