कोपरापर्यंतचे ग्लोव्ज

आम्ही मूळचे कणकवलीकडचे, सासरे गिरणीत होते म्हणून मुंबई, गिरणी गेली आणि आम्ही घाटकोपरला आलो. मी अंधेरीला एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये मोठे टोप घासायचे, आणि तिथे मला लावलं ते सुलभाने. सुलभा म्हणजे आमच्याच चाळीतली, माझ्या बाळंतपणात तिने मला न्हाऊ घातलंय, ती सुपरवायझर झाली तेव्हा चाळीत पेढे मी वाटले, बोला आता.

तिनेच पहिल्या दिवशी सांगितलं, शैले, लिक्विड कडक आहे, ग्लोव्ज काढायचे नाहीत हां. मी नाही काढले. पण ते जेमतेम मनगटापर्यंतचे, आणि टाकी एवढी खोल की तळाचा टोप धरायचा तर कोपर बुडतं. साबणाचं पाणी वरून आत शिरायचं आणि बोटं तासन्‌तास त्यातच. मला वाटायचं, वरून रबर आहे ना, मग कसली भीती. पचक पचक वाजायचं, बायका म्हणायच्या, शैलाच्या हातात बेडूक गं. मीपण हसायचे. मग कातडी सोलायला लागली, भेगा पडल्या, भाकरी थापताना पिठाला रक्त लागायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अहो, हात साबणात भिजत घालून वर झाकण लावलंत तुम्ही, पाणी शिरलं की काढा, हात धुवा, कोरडे करा, आणि लांब ग्लोव्ज मागा.

मागितले. सुलभा म्हणाली, बघते गं. मग तपासणीला माणसं आली, त्या सकाळी तिने सगळ्यांना कोपरापर्यंतचे ग्लोव्ज दिले, आतून मऊ कापड, एकदम झकास. फोटो काढले. माणसं गेली तशी सुलभा पिशवी घेऊन हजर, काढा काढा, कपाटात ठेवते, वापरून खराब होतील. ग्लोव्ज खराब होतील म्हणे, आणि आमचे हात?

मी सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि टेबलावर हात ठेवले. त्यांनी सुलभाला बोलावलं. काय सांगू तुम्हाला, माझ्या तोंडावर ती म्हणाली, साहेब, ही ग्लोव्ज घालतच नाही, कितीदा ओरडले मी.

आता मला जिने पुसायला लावलंय. टाकीवर वाकोल्याची नवीन बाई आहे, ग्लोव्ज तेच मनगटापर्यंतचे. जाता-येता तिला सांगते, पाणी शिरलं की काढ गं, कोणी काहीही म्हणू दे. सुलभाला ऐकू जातं. जाऊ दे.

देव तिचं भलं करो, मी भांडत नाही. संक्रांतीला तिने हळदीकुंकवाला बोलावलं, गेले, कुंकू लावून घेतलं. मग अत्तर लावायला तिने हात मागितला. तेवढा मी दिला नाही.