सासऱ्यांच्या गुडघ्यावरचा बर्फ

नाही, हसा तुम्ही, खुशाल हसा, बायको बोलत नाहीये त्यापेक्षा तुम्ही हसलेलं परवडलं... पण मला एक सांगा, घरातल्या फ्रिजनं बर्फ पाडायचं बंद केलं तर माणूस काय करतो? मेकॅनिकला फोन करतो. बरोबर? शेंबडं पोरही हेच सांगेल. मी काय केलं? मी म्हणालो, 'मी बघतो.' हे 'मी बघतो' आहे ना, हा माझा जुना आजार आहे. गीझर बंद पडला, मी बघतो. दारावरची बेल वाजेना, मी बघतो. नंतर बेल दाबली की बाथरूममधला दिवा जायचा आणि आतला माणूस ओरडायचा, तो भाग वेगळा. पण पाहुणा आलेला कळायचा की नाही?

तर झालं काय, बाबांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. टाके निघाले, पण सूज हटेना, डॉक्टर म्हणाले सकाळ-संध्याकाळ बर्फ लावा. आता राहायचं कुणाकडे? मेहुणा म्हणाला, 'माझ्याकडे.' बायकोचं तोंड एवढंसं झालं हो... कारण बाबा मुलीच्या घरी कधी मुक्कामाला राहिलेच नव्हते, 'जावयांना त्रास कशाला' म्हणत चहा घ्यायचे आणि चपला घालायचे. आणि मला कुठून अवसान आलं कोण जाणे, भर हॉस्पिटलात मी म्हणालो, 'बाबा आमच्याकडेच येणार. आमचा फ्रिज आपणहून बर्फ पाडतो, तुमच्या फ्रिजला जमतं का?' आणि बायकोनं माझ्याकडे जे पाहिलं ना... तुम्हाला सांगतो, लग्नातसुद्धा तिनं तसं पाहिलं नव्हतं.

आले बाबा. हॉलमध्ये, स्वयंपाकघराला लागून त्यांचा पलंग टाकला. आणि बाबांचा जेमतेम जम बसतोय तोवर एका सकाळी मी बर्फाचा खण ओढतो तर आत काय? तळाला चार खडे. मशीन ढिम्म! बायको मागून म्हणाली, 'अहो, बर्फ आहे ना?' मी खण ढकलून दिला आणि म्हणालो... काय म्हणालो असेन? 'मी बघतो.'

आता खोटं कशाला बोलू, बघितलं मी सगळं. पाण्याचा फिल्टर बदलला. मागचा नळ बघायला फ्रिज पुढे ओढला, मागे शिरलो, नळ चालू होता तो बंद केला, मग परत चालू केला, आणि मग लक्षात आलं की शिरताना मी श्वास आत घेतला होता, आता तो बाहेर सोडलाय आणि मला भिंतीपासून सुटता येत नाहीये. बाबा पलंगावरून विचारतायत, 'जावईबापू, काही मदत?' ज्यांना काठीशिवाय उभं राहता येत नाही ते मला विचारतायत! मग वाटलं पाण्याची नळी आत गोठली असेल, तर बायकोचा केस वाळवायचा ड्रायर घेतला आणि फ्रीजरमध्ये गरम हवा सोडली. बर्फ तर सोडाच, मटार पाण्यात पोहायला लागले. आत एक जाड तार होती, खणाच्या वर आडवी, तीसुद्धा मी फडक्यानं लख्ख पुसली. वर उचललेली होती, वरच्या वर पुसली. ही कशाची तार, असा प्रश्न मला पडायला काय हरकत होती? नाही पडला.

बरं, इथं तरी सांगून टाकावं की नाही? 'बाबा, मशीन बिघडलंय.' संपलं! पण हॉस्पिटलात केलेली फुशारकी आठवली, बायकोची ती नजर आठवली... आणि मी सकाळी फिरायला म्हणून बाहेर पडलो आणि बर्फ विकत आणला.

कुठून? तेवढ्या सकाळी बर्फ कुणाकडे असतो? मासळीवाल्याकडे!

नाक मुरडू नका, मी धुतला तो बर्फ. रोज धुतला. लादीचा तुकडा डब्यात घालून आणायचा, बाथरूममध्ये नळ मोठा सोडायचा, बत्त्यानं फोडायचा, धुवायचा आणि गुपचूप खणात ओतायचा. बायको म्हणाली, 'पूर्वी छान अर्धगोल पडायचे, आता असे वेडेवाकडे कसे?' मी म्हणालो, 'सेटिंग बदललंय, बारीक बर्फ सांध्यांना चांगला.' माझी जीभ झडली नाही! तिकडे मासळीवाला वेगळाच, 'साहेब, रोज बर्फ नेता, मासे घेता तरी कुठून?' त्याला वाटलं मी दुसऱ्या कुणाकडून मासे घेतो आणि फुकटचा थंडावा त्याच्याकडून. रुसला तो माझ्यावर.

आणि मग वास सुटला. बर्फ टॉवेलात गुंडाळायचा, तो विरघळणार, टॉवेल भिजणार, गुडघा भिजणार, चादर भिजणार... शेजारची मांजर, जिनं आमच्या दारात कधी पाऊल टाकलं नव्हतं, ती बाबांच्या पलंगाखाली मुक्कामाला आली. बाबा म्हणाले, 'फार माया लावलीय हिनं.' बायकोनं फ्रिज रिकामा केला, खण घासले, भाज्या फेकल्या. 'वास येतोय कुठून?' मी म्हणालो... अहो, तोंडातून आपोआप निघतं ते. 'मी बघतो.'

पण खरी गोष्ट पुढेच आहे, आणि इथं मला हसू येत नाही. एका दुपारी बायको बाजारात गेली होती. मी हॉलमध्ये येतो तर बाबा पलंगावर बसून पिशवीत कपडे भरतायत. एकेक सदरा नीट घडी घालून. मी म्हटलं, 'बाबा, हे काय?' त्यांनी मला जवळ बसवलं, दाराकडे एकदा पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, 'जावईबापू, तिला सांगू नका. माझा गुडघा आतून सडतोय.'

मी त्यांच्या हातातला सदरा काढून घेतला.

म्हणाले, 'वास येतो. मी रोज साबणानं धुतो, तरी येतो. पाय काढावा लागेल बहुतेक. ते हाल लेकीनं कशाला बघायचे? मी मुलाकडे जातो, तो जरा घट्ट मनाचा आहे.' माझ्या फुशारकीपायी तो म्हातारा माणूस रोज रात्री पाय कापायच्या विचारानं जागा असणार, आणि सकाळी मी डबा घेऊन, शीळ घालत...

सांगितलं मग. सगळं सांगितलं. मासळीवाला, बत्ता, बाथरूमचा नळ. मान वर करायची हिंमत नव्हती, मी त्या गुडघ्याकडे बघूनच बोलत होतो. वाटलं आता काठी बसणार, आणि बसायलाच हवी होती. तर बाबा गुडघा हुंगतायत. परत हुंगतायत. 'म्हणजे हा बांगड्याचा वास?' मी म्हटलं, 'कधी बांगडा, कधी कोळंबी.' त्यांनी डोळे पुसले. मग म्हणाले, 'पण मशीन बिघडलं कधी?' मी वार सांगितला, आणि त्यांचा चेहरा पडला. 'अहो, त्याच्या आदल्याच दुपारी ते खडे खणात धाडकन पडले, मी दचकून जागा झालो. म्हटलं गप्प करावं, म्हणून आतली ती तार मीच वर उचलली. संध्याकाळी तुम्हाला सांगणार होतो, पण बर्फ तर रोज येतच होता! मला वाटलं, त्या तारेचा बर्फाशी काही संबंध नसावा.'

कळलं का तुम्हाला? ती तार म्हणजे मशीनचं बटण, वर केली की बर्फ बंद! मी एकदा, फक्त एकदा 'मशीन बंद आहे' म्हणालो असतो, तर बाबा तिथल्या तिथे म्हणाले असते, 'तार खाली करा.' बर्फ आणून आणून मीच त्यांची खात्री करून दिली की सगळं ठीक चाललंय!

तार खाली केली. दुसऱ्या दिवशी सकाळी खडे पडायला लागले, चांगले अर्धगोल. त्या दुपारी बायको बाजारातून कधी आली आणि दारात उभी राहून तिनं किती ऐकलं, देव जाणे. तेव्हापासून बोलत नाही, पण पिशवीतले सदरे तिनं काढून परत कपाटात लावले. बाबा राहिले.

आणि काल मेहुण्याचा फोन आला. मी स्वयंपाकघरात, बाबा हॉलमध्ये. तिकडून त्यानं खवचटपणे विचारलं असणार, कारण बाबा म्हणाले, 'फ्रिज? अरे, फार गुणी फ्रिज आहे. मी आल्यापासून एक दिवस बंद पडला नाही.' ज्या माणसानं उभ्या जन्मात कधी थाप मारली नाही, त्यानं अगदी शांत, ठणठणीत आवाजात सांगितलं हो! बायकोनं पोळी लाटता लाटता माझ्याकडे नुसतं पाहिलं.

सासरे पहिल्यांदाच लेकीच्या घरी राहायला आले, आणि जावयाकडून शिकले काय, तर हे.