दुष्काळाला लागणारं पाणी

...आणि वर मलाच विचारतात, "अहो, तुमच्या धबधब्याला सुट्टी नसते का?" म्हणजे धबधबा माझा झाला. वडिलांनी मागे ठेवलेला जणू. अरे बाबांनो, मी त्या करमणुकीच्या पार्कात नोकरीला आहे, धबधब्याच्या शोच्या पंपावर. घंटा वाजली की हिरवं बटण, टाळ्या संपल्या की लाल बटण. पाणी कुठून येतं, कुठे जातं, कुणाच्या डोक्यावर पडतं, हे आपण विचारायचं नाही. आपलं काम फक्त बटण दाबायचं.

पण हे आमच्या इमारतीला कोण सांगणार? इमारत कुठे, तर पार्कच्या भिंतीला चिकटून. भिंतीच्या अलीकडे आमची बोअर, पलीकडे पार्कची, आमच्यापेक्षा कितीतरी खोल. वर भिंत आहे, ठीक आहे, पण जमिनीच्या खाली कुणी भिंत घातलीय का? मी तिकडे हिरवं बटण दाबलं की धबधबा सुरू, आणि इकडे आमच्या नळातून नुसती हवा, फुस्स करून, आणि त्या नळाखाली कोण, तर माझी सख्खी बायको, तोंडाला साबण लावून, डोळे मिटून... तुम्हाला सांगतो, ती साबणातून जे बोलते ते शोच्या संगीतातूनही मला पंपावर ऐकू येतं. आणि शोचं नाव काय? 'थेंब वाचवा'.

हसू नका, गंभीर शो आहे. थेंबाचा पोशाख घातलेली एक मुलगी येते, हात जोडून म्हणते, "मी थेंब आहे, मला जपा." तिनं जपा म्हटलं की मी बटण दाबायचं आणि चार मजले उंचीवरून पाणी कोसळायचं. लोक भिजतात, किंचाळतात, अर्धं पाणी कपड्यांतून घरी घेऊन जातात. उरलेलं परत वर चढवता येतं हो, तशी सोय आहे, पण मॅनेजरसाहेबांचं म्हणणं, "वापरलेलं पाणी फोटोत पिवळं येतं." म्हणून ते गटारात. कडेला आधी खरी झाडं होती. त्यांची पानं पडून जाळीत अडकायची, म्हणून ती तोडली आणि फायबरची लावली. आता फायबरवर धूळ दिसते, म्हणून ती झाडं रोज पाण्यानं धुवायची. त्याचंही वेगळं बटण आहे. माझ्याकडेच आहे.

आमच्याकडे सासरे राहतात. निवृत्त मुख्याध्यापक. ते रोज टॉवेल खांद्यावर टाकून दारात उभे. "जावईबापू, आज आमची आंघोळ शोच्या आधी की नंतर? वेळापत्रक लावलं तर बरं." हे टोमणे मी मुकाट्यानं गिळले. पण एके दिवशी बायकोनं बॅग भरली. "तुम्ही आणि तुमचा धबधबा सुखानं नांदा. मी बाबांना घेऊन भावाकडे चालले." आणि गेली. भांडली असती तर बरं वाटलं असतं. घर खायला उठलं हो मला. कोरडी मोरी बघून रडायला आलं, पण म्हटलं, कशाला, तेवढंच पाणी वाया.

मग गेलो साहेबांकडे. तर तिथे पर्यावरण समितीची बैठक चाललेली. खोलीत एसी इतका गार की सगळे स्वेटर घालून बसलेले, आणि थंडी सोसेना म्हणून खिडकी उघडी. साहेब सांगत होते, "आपण स्ट्रॉ कागदाच्या केल्या. यापुढे काय करता येईल?" मी दारातूनच म्हटलं, "साहेब, तुमच्या शोपायी आमच्या नळाला पाणी नाही. बायको घर सोडून गेली." शोचे दिग्दर्शक उठले, कपाळावरचा गॉगल काढला, माझा हात हातात घेतला. डोळ्यांत पाणी. तेवढंच एक पाणी त्या दिवशी मी पाहिलं. म्हणाले, "हे आपल्या शोमध्ये नाहीये. आधी दुष्काळ हवा. मग धबधबा." मी म्हटलं, "तसं नाही हो, मला म्हणायचं होतं..." साहेब म्हणाले, "तुमची तळमळ पोचली."

झालं. दुष्काळ उभा करायचा ठरलं. आता दुष्काळ म्हणजे जमिनीला भेगा हव्यात. रंगवलेल्या भेगा दिग्दर्शकांना चालेनात. "मला ताज्या भेगा पाहिजेत." मग काय, रोज माती पसरायची, ती पाण्यानं भिजवून चिखल करायचा, मग त्यावर भट्टीसारखे हीटर लावून तो वाळवायचा की पडल्या भेगा. आणि शोच्या शेवटी धबधबा त्याच भेगांवर कोसळणार, म्हणजे पुढच्या शोला पुन्हा पहिल्यापासून. धबधब्यापेक्षा दुष्काळालाच जास्त पाणी लागायला लागलं. मला काय? आपलं काम फक्त बटण दाबायचं.

त्यात नट मिळेनात. म्हणजे मिळाले, पण सगळे टवटवीत. दिग्दर्शक वैतागले. "यांच्या चेहऱ्यावर तहान दिसत नाही. खरी माणसं आणा." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. अशी आमची अख्खी इमारत कामाला लागली. मोबदला काय, तर शो संपला की धबधब्याखाली आपापले हंडे भरून न्यायचे. मी बायकोला फोन केला. "पाणी मिळेल, पण नाटकात काम करावं लागेल." संध्याकाळच्या आत हजर.

आणि काय काम करते हो ती. रिकामा हंडा उपडा करते, आत बघते, मग वर आभाळाकडे बघते. बस. लोक हुंदके देतात. सासरे म्हातारा होऊन "पाणी, पाणी" म्हणत कोसळतात. दिग्दर्शक म्हणाले, एकदाच म्हणा. सासरे म्हणाले, "एकदा सांगून वर्गाला कळत नाही, हा माझा अनुभव आहे." आधी बायको शो बंद करा म्हणत होती, आता घरी येऊन मलाच झापते. "आज बटण उशिरा दाबलंत. किती वेळ आभाळाकडे बघायचं मी? मान अवघडली."

मग गेल्या आठवड्यात पंप जळला. दुष्काळ झेपला नाही त्याला. शो बंद, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी मोरीत आवाज. आधी फुस्स, मग गढूळ, मग स्वच्छ धार. मी ओरडलो, "अगं, पाणी!" ती धावत आली आणि तिनं पहिल्यांदा नळ बंद केला, मग दार. "हळू बोला. घरी पाणी आहे कळलं तर दिग्दर्शक काढून टाकतील." आता नळाखाली फडकं बांधून, आवाज न करता भरतो आम्ही. सगळी इमारत तेच करते. जिन्यात भेटलं की विचारायचं, "तुमच्याकडे?" समोरचा म्हणतो, "छे, टिपूस नाही." त्याचे केस ओले असतात. मीही म्हणतो, छे.

पंप दुरुस्त झाला, उद्यापासून शो सुरू. मी बायकोला म्हटलं, "ऐक, मी सांगतो पंप अजून गरम होतोय म्हणून. चार दिवस ढकलू. निदान घरात पाणी राहील." माझ्या जन्मात पहिल्यांदा बटण न दाबायचं मी ठरवत होतो. तिनं हातातला भरलेला पेला तसाच खाली ठेवला.

आता घरात बादल्या भरलेल्या, हंडे भरलेले, सासऱ्यांची दोनदा आंघोळ झालेली. आणि ही सकाळपासून घोटभर पाणी प्यायलेली नाही. विचारलं तर म्हणते, तालीम चाललीय.